२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे कागद-पेन्सिलीनं कसं कळतं?

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही संख्या तोंडपाठ असते, कारण संगणकात ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. पण त्याच्याही आधी, संगणकाचं नावनिशाण नसताना, गणितात तिला मानाचं स्थान होतं. ती मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही तिला निःशेष भाग जात नाही. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं हे १७७२ मध्ये जाहीर केलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता, आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती.

दहा अंकी संख्येचा एकही विभाजक नाही, हे यंत्राशिवाय कसं सिद्ध करायचं? सरळसोट मार्ग शाळेतलाच. संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं. वर्गमूळापुढे जावं लागत नाही, कारण विभाजक नेहमी जोडीनं येतात, आणि जोडीतला एक तरी वर्गमूळाच्या आत किंवा बरोबर वर्गमूळाइतका असतो. इथे वर्गमूळ ४६३४०.९५ च्या जवळ आहे. तिथपर्यंत सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला पाच मिनिटं धरली तर चारशे तास झाले, आणि त्यातला एक जरी भागाकार चुकला तरी सगळ्या निष्कर्षावर पाणी.

ऑयलरनं हे काम ३७२ भागाकारांवर आणलं. ते कसं जमलं हे समजलं, की या संख्येचे बाकीचे गुणही आपोआप उलगडतात, कारण सगळ्यांचं मूळ एकाच गोष्टीत आहे: ही संख्या दोनाच्या एका घातापेक्षा नेमकी एकानं कमी आहे.

एकतीस एके

२^१०, म्हणजे दहा दोनांचा गुणाकार, १०२४. त्याचा घन २^३०, म्हणजे १०७३७४१८२४. त्याची दुप्पट २१४७४८३६४८. त्यातून १ वजा केला की आपली संख्या: २^३१ − १. द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ नं, ती लिहिली तर सलग एकतीस वेळा १ येतो, दुसरं काही नाही.

अशा 'सगळे एके' संख्येत एक सोय असते. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ११११११ घ्या, म्हणजे सहा एके. त्यांचे तीन-तीनचे गट पाडता येतात, म्हणून १११ नं भाग जातो (१११ × १००१). दोन-दोनचे गट पडतात, म्हणून ११ नंही जातो (११ × १०१०१). द्विमानातही हेच चालतं. एक्यांची संख्या संयुक्त असेल तर गट पडतात आणि संख्या फुटते. २^१५ − १ म्हणजे ३२७६७. पंधराचे तीन-तीनचे आणि पाच-पाचचे गट पडतात, म्हणून तिला ७ नं आणि ३१ नं भाग जातो: ३२७६७ = ७ × ३१ × १५१. म्हणून २^न − १ मूळ हवी असेल तर न स्वतः मूळ असायलाच हवा. ३१ मूळ आहे. पहिली अट पुरी झाली.

पण एवढ्यानं भागत नाही, आणि इथेच भलेभले फसले. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. फ्रान्समधल्या मारँ मेरसेन या धर्मगुरूनं १६४४ मध्ये यादी दिली: २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच मूळ संख्या मिळते. यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ३१ मात्र बरोबर होता. या संख्यांना आज मेरसेन संख्या म्हणतात, आणि आपली संख्या ही आठवी मेरसेन मूळ संख्या.

विभाजक असलाच तर तो कसा असेल?

ऑयलरच्या पद्धतीचा गाभा असा: भागायला बसण्याआधी विचारायचं, की विभाजक असलाच तर तो कोणत्या रूपाचा असू शकतो? जे त्या रूपात बसत नाहीत, त्यांना हातही लावायचा नाही.

समजा, आपल्या संख्येला 'क' या मूळ संख्येनं निःशेष भाग जातो. मग २^३१ ला क नं भागलं तर बाकी १ उरणार, कारण २^३१ आपल्या संख्येहून एकानं मोठी आहे. आता २, ४, ८, १६ असे दोनाचे घात घेत जा आणि प्रत्येकाची क नं भागल्यावर उरणारी बाकी मांडत जा. एकतिसाव्या पायरीला बाकी १ येते, आणि तिथून तोच क्रम पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. घड्याळाचा काटा फिरावा तसा हा फेरा आहे. फेऱ्याची लांबी ३१ असेल, किंवा ३१ ला जिनं भाग जातो अशी एखादी संख्या. ३१ मूळ असल्यामुळे दोनच पर्याय उरतात, १ किंवा ३१. लांबी १ म्हणजे खुद्द २ ची बाकी १, आणि तसं कुठल्याही मूळ संख्येच्या बाबतीत होत नाही. म्हणून फेरा ३१ चाच.

आता फर्माचं छोटं प्रमेय वापरायचं: क ही विषम मूळ संख्या असेल तर २^(क−१) ला क नं भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. म्हणजे क−१ पायऱ्यांनंतरही काटा १ वरच असतो. तसं व्हायचं तर क−१ पायऱ्यांत फेरे पूर्ण बसले पाहिजेत. म्हणून क−१ ला ३१ नं भाग जातो. क विषम आहे, म्हणून क−१ सम. दोन्ही मिळून क−१ ला ६२ नं भाग जायलाच हवा.

यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, लहान उदाहरणावर ताळा करा. २०४७ मध्ये घातांक ११ आहे, म्हणून विभाजकातून १ वजा केल्यावर २२ नं भाग जायला हवा. २३ − १ = २२. ८९ − १ = ८८, म्हणजे २२ चोक ८८. आणखी मोठं हवं असेल तर २^२९ − १ = ५३६८७०९११ घ्या. ती २३३ × ११०३ × २०८९ अशी फुटते. इथे ५८ नं भाग जायला हवा: २३२ म्हणजे ५८ ची चौपट, ११०२ म्हणजे १९ पट, २०८८ म्हणजे ३६ पट. तिन्ही बसले.

दुसरी चाळणी याहून बारीक आहे. २^३१ ची बाकी १ असेल, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा, म्हणजे ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे क नं भागल्यावर बाकी २ उरेल असा एक वर्ग आपल्या हातात आला. आणि अशा विषम मूळ संख्यांबद्दल एक पक्का नियम आहे: तिला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च येते. ७ घ्या: ३ चा वर्ग ९, ७ नं भागून बाकी २. १७ घ्या: ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ घ्या: ५ चा वर्ग २५, बाकी २. उलट ११ किंवा १३ घेऊन कितीही वर्ग तपासा, बाकी २ कधीच येणार नाही.

दोन चाळण्या एकत्र लावू. ६२ च्या पाढ्यात १ मिळवत गेलं की १, ६३, १२५, १८७ आणि मग २४९ पासून पुन्हा तोच नमुना २४८ च्या अंतरानं. ८ नं भागल्यावर या चौघांची बाकी अनुक्रमे १, ७, ५, ३. त्यातले ५ आणि ३ वाले बाद. म्हणून विभाजकाला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरू शकते. बाकी सगळ्या मूळ संख्यांना सुट्टी.

आता मोजा. २४८ × १८६ = ४६१२८. म्हणजे वर्गमूळाच्या आतले शेवटचे दोन उमेदवार ४६१२९ आणि ४६१९१. पहिले दोन २४९ आणि ३११. (त्याआधीचे १ आणि ६३ विचारातच नाहीत, ६३ मूळ नाही.) १८६ च्या दोन ओळी, एकूण ३७२. यातलेही बरेच उघड संयुक्त आहेत: २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. ते गाळले की प्रत्यक्ष भागाकार आणखी कमी होतात.

पहिले तीन खरे उमेदवार ३११, १३०३ आणि १४८९. त्यांचे भागाकार असे येतात:

२१४७४८३६४७ = ३११ × ६९०५०९२ + ३५
२१४७४८३६४७ = १३०३ × १६४८१०७ + २२६
२१४७४८३६४७ = १४८९ × १४४२२३२ + १९९

अशा ओळी लिहीत ४६१९१ पर्यंत जायचं. एकीतही बाकी शून्य येत नाही, आणि तीच सिद्धता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. संख्या संयुक्त आहे हे दाखवायला एक गुणाकार पुरतो. अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये २^६७ − १ चे दोन अवयव मांडले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. गुणून पाहिलं की वाद मिटला. मूळ असल्याच्या सिद्धतेत तसा एकच साक्षीदार नसतो. इथे प्रत्येक ओळ साक्षीदार असते आणि प्रत्येक ओळ बरोबरच असावी लागते. म्हणून हातानं करणाऱ्यानं प्रत्येक ओळीचा नवाचा ताळा करावा. पहिली ओळ घ्या. ३११ च्या अंकांची बेरीज ५. ६९०५०९२ ची ३१, म्हणजे ४. पाच चोक वीस, म्हणजे २. ३५ ची ८. दोन आणि आठ दहा, म्हणजे १. डावीकडे २१४७४८३६४७ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली, ४५ च्या जागी ५४ लिहिलं गेलं, तर हा ताळा गप्प बसतो, कारण फरक ९ च्या पटीत असतो. अशा वेळी अकराचा ताळा (उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे करून काढलेला) जोडीला ठेवावा. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल तो पकडतो.

एकोणतीस पायऱ्यांची कसोटी

ऑयलरची पद्धत सुंदर आहे, पण घातांक वाढला की ३७२ चे लाखो-कोटी होतात. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ मध्ये वेगळी वाट काढून २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि पुढे अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी ती कसोटी आजच्या सुटसुटीत रूपात आणली. तिची कृती चौथीतल्या मुलालाही कळेल अशी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मेरसेन संख्येनं भागून बाकी घ्या. हीच क्रिया घातांकाहून दोनानं कमी इतक्या वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

२^५ − १ = ३१ साठी तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, उणे २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, म्हणजे १९४. ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २, म्हणजे ६२. ३१ नं भागून बाकी शून्य. ३१ मूळ.

२^७ − १ = १२७ साठी पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.

२^११ − १ = २०४७ साठी नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून संयुक्त. गंमत बघा, २३ आणि ८९ यांचा इथे कुठे उल्लेखच आला नाही. विभाजक न सापडता संख्या फुटते हे कळलं.

नेहमीची चूक पायऱ्या मोजताना होते. सुरुवातीचा ४ ही शून्यावी पायरी. तो मोजला तर एक पायरी कमी पडते आणि मूळ संख्या संयुक्त ठरते. दुसरं, ही कसोटी विषम घातांकांसाठीच आहे; २^२ − १ = ३ तिच्यात बसत नाही.

आपल्या संख्येला ३१ − २ = २९ पायऱ्या लागतात. पहिल्या चार १४, १९४, ३७६३४ आणि १४१६३१७९५४. पाचव्या पायरीपासून दहा अंकी संख्यांचे वर्ग येतात, एकोणीस अंकी. त्यांना दर वेळी २१४७४८३६४७ नं भागायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येईल, असं वाटतं. पण भागावं लागतच नाही.

भागाकाराशिवाय बाकी

९ नं भागल्यावरची बाकी आपण अंकांच्या बेरजेनं काढतो, कारण १० ला ९ नं भागल्यावर बाकी १ उरते. दहाचा प्रत्येक घात १ सारखाच वागतो, म्हणून स्थान विसरून नुसते अंक मिळवले तरी चालतात. आपल्या संख्येचं २^३१ शी हेच नातं आहे: २^३१ ची बाकी १. म्हणून मोठ्या संख्येचे द्विमानात उजवीकडून ३१-३१ बिटांचे तुकडे पाडा आणि तुकड्यांची बेरीज करा. तीच बाकी. बेरीज पुन्हा ३१ बिटांबाहेर गेली तर हीच क्रिया परत.

उदाहरण म्हणून ४७४७५६१५०९९४३ घ्या. २^३१ नं भागलं तर भागाकार २२१० आणि उरलेला भाग १६२२६४७८६३. (संगणकात हा भागाकार नसतो, नुसतं बिट सरकवणं असतं.) दोन्हींची बेरीज १६२२६५००७३. झालं, २१४७४८३६४७ नं भागल्यावरची बाकी हीच.

एक खाच आहे. नवाच्या कसोटीत बेरीज ९ आली तर बाकी ० असते, ९ नव्हे. तसंच इथे बेरीज नेमकी २१४७४८३६४७ आली तर तिचा अर्थ शून्य. कोड लिहिताना ही तुलना राहून जाते, आणि मग लुका-लेमर कसोटीत शेवटी शून्य यायच्या जागी सगळे एके येतात आणि मूळ संख्या संयुक्त म्हणून जाहीर होते. या संख्येवर काम करणाऱ्या प्रोग्रामात दोष शोधायचा असेल तर आधी इथे पाहावं.

या सोयीमुळेच ही संख्या कामाला लागली. पायथन भाषेत ३२ बिटांच्या मशीनवर संख्यांचा हॅश (माहिती पटकन शोधण्यासाठीचा ओळख-आकडा) काढताना बाकी घेण्यासाठी हीच संख्या वापरतात; ६४ बिटांवर तिची मोठी बहीण २^६१ − १ येते, जिचं मूळ असणं १८८३ मध्ये रशियाच्या इव्हान पेर्वुशिन यांनी सिद्ध केलं होतं. पण तिचा सर्वांत गाजलेला उपयोग वेगळा आहे.

यादृच्छिक संख्यांचा रहाट

संगणकाला 'मनाला येईल ती' संख्या काढता येत नाही. तो हिशेबानंच तसा आभास तयार करतो. एक जुनी आणि साधी रीत: एक संख्या घ्या, ठरलेल्या गुणकानं गुणा, २१४७४८३६४७ नं भागून बाकी घ्या. ती पुढची संख्या. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांसाठी ही रीत १६८०७ या गुणकासह मांडली गेली, आणि १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी 'किमान दर्जा' म्हणून तिचा पुरस्कार केला. सी++ च्या प्रमाणित ग्रंथालयात ती आजही आहे.

१ पासून सुरुवात केली तर पुढच्या संख्या १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. ही शेवटची ओळखीची वाटेल: मघाशी जिची बाकी काढली ती संख्या म्हणजे २८२४७५२४९ × १६८०७ होती.

गुणक १६८०७ च का? रहाट सगळ्या पोहऱ्यांतून फिरून आला पाहिजे. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन मगच १ परत यायला हवा. गुणक २ घेतला तर काय होतं? २^३१ ची बाकी १, म्हणून एकतीस पावलांत रहाट जागेवर. ज्या गुणधर्मानं ऑयलरला मदत केली, तोच इथे आड येतो.

चांगला गुणक ओळखायला आपल्या संख्येहून एकानं कमी असलेली संख्या फोडावी लागते, आणि ती हातानं फुटते. २१४७४८३६४६ = २ × (२^३० − १), आणि २^३० − १ = (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. पहिली ७ × ३१ × १५१. दुसरी ३ × ३ × ११ × ३३१. म्हणजे एकूण मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. फेऱ्याची लांबी २१४७४८३६४६ ची विभाजक असते, म्हणून ती पूर्ण आहे का हे पाहायला सातच तपासण्या: २१४७४८३६४६ ला या प्रत्येक अवयवानं भागून येणारा घातांक गुणकावर चढवायचा, आणि बाकी १ येते का ते बघायचं. एकदाही १ आला नाही तर फेरा पूर्ण. ७ या कसोटीला उतरतो. १६८०७ हा ७ चा पाचवा घात. आणि वरच्या यादीत ५ नाही, म्हणून पाचव्या घातानं फेरा तुटत नाही.

आता काय बिघडतं ते. सुरुवातीची संख्या ० दिली तर रहाट कायम शून्यावर अडकतो, आणि २१४७४८३६४७ दिली तरी तेच, कारण तिची बाकी शून्य. दुसरं, १६८०७ नं गुणल्यावर उत्तर ३२ बिटांत मावत नाही. वरचे बिट मुकाट्यानं गळून पडतात आणि क्रम पार वेगळा होतो, तरी तो 'यादृच्छिक' दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. जुन्या मशीनवर यासाठी लायनस श्राजे या अमेरिकन संशोधकाची युक्ती वापरत: २१४७४८३६४७ = १६८०७ × १२७७७३ + २८३६. चालू संख्येला १२७७७३ नं भागा. बाकीला १६८०७ नं गुणा. त्यातून भागाकाराची २८३६ पट वजा करा. उत्तर ऋण आलं तर २१४७४८३६४७ मिळवा. २८२४७५२४९ वर करून पाहा: भागाकार २२१०, बाकी ९६९१९. १६८०७ × ९६९१९ = १६२८९१७६३३. २८३६ × २२१० = ६२६७५६०. वजाबाकी १६२२६५००७३. एकही आकडा ३२ बिटांबाहेर गेला नाही. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का, याचा पडताळा ठरलेला आहे: १ पासून सुरू करून दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ आली पाहिजे.

तरी आज महत्त्वाच्या कामाला ही रीत वापरू नये. दोन अब्जांचा फेरा आजचा संगणक काही सेकंदांत संपवतो. शिवाय क्रमातली एखादी लहान संख्या आली, समजा ५, तर पुढची हमखास ८४०३५. आणि पासवर्ड किंवा ओटीपीसाठी तर मुळीच नको: एक संख्या हाती लागली की पुढच्या सगळ्या कळल्या.

कमाल पूर्णांक असणं हा मात्र निव्वळ योगायोग आहे. १६ बिटांची कमाल ३२७६७ मूळ नाही हे वर आलंच, आणि ६४ बिटांची २^६३ − १ तर ७ नंच फुटते. १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी जुन्या प्रणालींचा, १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मोजणारा, सेकंद-मोजक या संख्येवर पोचेल आणि पुढच्या सेकंदाला उलटून (जागतिक वेळेनुसार) १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. त्याचा मूळ असण्याशी काडीचा संबंध नाही.

परिपूर्ण संख्या आणि साखळी

२८ चे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. २८ म्हणजे ४ × ७, आणि ७ म्हणजे २^३ − १. प्रत्येक मेरसेन मूळ संख्या अशी एक परिपूर्ण संख्या देते. आपल्या संख्येची २^३० पट म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८, ही आठवी परिपूर्ण संख्या. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहून ठेवलं, की याहून मोठी शोधायला कुणी जाणार नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत, आणि तीही लुका-लेमर कसोटीनंच पक्की झाली. कोणत्याही रूपाच्या संख्येसाठी खात्रीची आणि तत्त्वतः जलद कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी दिली. पण मेरसेन संख्यांपुरती जुनी कसोटीच कितीतरी वेगवान आहे.

शेवटी एक साखळी. ५ मूळ; २^५ − १ = ३१ मूळ; २^३१ − १ मूळ. मग घातांकाच्या जागी आपलीच संख्या ठेवली तर? ती संख्या सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकांची होते, आणि ती संयुक्त आहे. तिचा एक विभाजक २९५२५७५२६६२६०३१. ऑयलरचे दोन्ही नियम लावून पाहा: १ वजा केल्यावर २१४७४८३६४७ ची नेमकी १३७४९० पट मिळते, सम आहे, आणि ८ नं भागल्यावर बाकी ७. दुसरी साखळी २ पासून निघते: ३, ७, १२७, २^१२७ − १, आतापर्यंत सगळ्या मूळ. त्यापुढच्या संख्येचं मूळ असणं-नसणं अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. ती इतकी अवाढव्य आहे की लुका-लेमर कसोटीच्या पायऱ्याच ३९ अंकी होतील, म्हणून हाती एकच मार्ग उरतो: २^१२७ − १ च्या सम पटीत १ मिळवत जायचं, ८ नं भागून बाकी १ किंवा ७ येते का ते पाहायचं, आणि एकेक उमेदवार तपासायचा. १७७२ मध्ये ऑयलरनं ३११ पासून सुरू केलं होतं, तसंच.